पान कुठं अडतं

"बाई, साइट मेली."

माझ्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यानं व्हायची. फोनवर नमस्कार नाही, नाव नाही, एकदम मयताची बातमी. मी विचारायची, "मेली म्हणजे काय झालं? पांढरं पान दिसतंय, अर्धवट दिसतंय, की काही लिहून आलंय?" पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "ते आमाला काय म्हाईत? तुमी बगा की!"

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गिऱ्हाइकांना वेबसाइट करून द्यायच्या आणि केलेल्या सांभाळायच्या, हा धंदा. साइट करणारे पुढच्या खोलीत बसायचे, सांभाळणारी मी मागच्या. साइट सुरू करताना गिऱ्हाईक कंप्युटरला हळदकुंकू लावून नारळ फोडायचं, तेव्हा पुढच्या खोलीतल्यांना पेढे मिळायचे. माझी आठवण बिघाड झाल्यावर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नारळ फोडण्यात शिकण्यासारखं फारसं काही नसतं, बिघाडात असतं.

हे काम नेमकं काय, हे माझ्या सासरच्या माणसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. "कंप्युटर दुरुस्त करते" असंच ते सांगायचे. म्हणून आधी ते सांगते.

वेबसाइटचं पान आपल्याला एकसंध दिसतं, पण ते एका खेपेत येत नाही. ब्राउझर, म्हणजे ते पान दाखवणारं सॉफ्टवेअर, आधी नुसता सांगाडा मागवतो. सांगाड्यात लिहिलेलं असतं की हा फोटो इथून आणा, तो मजकूर तिथून आणा. मग ब्राउझर एकेका वस्तूसाठी वेगळा माणूस धाडल्यासारखा निरोप धाडतो. लग्नघरातून एक जण फुलवाल्याकडे जातो, एक आचाऱ्याकडे, एक मांडववाल्याकडे, तसंच. आता लग्नात फोटोग्राफर उशिरा आला तर लग्न थांबत नाही. भटजी आला नाही तर मात्र सगळे अक्षता मुठीत धरून बसून राहतात. पानातही काही वस्तू फोटोग्राफरसारख्या असतात आणि काही भटजीसारख्या.

माझं काम ही सगळी ये-जा टिपून ठेवण्याचं. ब्राउझरला जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. ते चालू करून पान उघडलं की प्रत्येक निरोपाची एक ओळ उमटायची. कुठं धाडला, उत्तर आलं का, काय आलं. ओळीपुढं एक पट्टी दिसायची. वाट जितकी बघावी लागली तितकी पट्टी लांब. हे टिपण पुढ्यात असलं की वाद संपतात. गिऱ्हाईक म्हणतं इंटरनेट मंद आहे, इंटरनेटवाला म्हणतो साइट खराब आहे, साइट करणारा म्हणतो गिऱ्हाइकाचा कंप्युटर जुना आहे. पट्टी कुणाच्याच बाजूची नसते.

याची गोडी मला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लागली. तेव्हा मी एका नेट कॅफेत काउंटरवर बसत होते. फोनच्या तारेवरनं इंटरनेट यायचं, आधी मोडेम किंचाळायचा, मग पान तुकड्यातुकड्यानं उतरायचं. आधी मथळा, मग रिकामे चौकोन, मग एकेक फोटो वरून खाली. गिऱ्हाइकं कंटाळायची, मी बघत राहायची. कोणता तुकडा आधी येतो, कुणासाठी कोण थांबतो, हे तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसायचं. पुढं ब्रॉडबँड आलं, पान झपकन उघडायला लागलं आणि ते सगळं दिसेनासं झालं. त्या टिपणाच्या सॉफ्टवेअरनं ते मला परत दाखवलं.

पहिलं नाव मिळालं ते पन्हाळ्याच्या एका लॉजवाल्यामुळे. त्याची साइट उघडता उघडत नव्हती. टिपण काढलं तर बाकीच्या पट्ट्या बोटाएवढ्या आणि एक पार पडद्याच्या बाहेर. ती होती तटबंदीच्या फोटोची. पुतण्यानं नव्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो होता तसा, भिंतीवर लावायच्या आकाराचा, साइटवर चढवला होता. मी म्हटलं, "पावणं, फोटो लहान करावा लागेल."

"ल्हान? न्हाय जमायचं," तो म्हणाला. "फोटो ल्हान केला की गड ल्हान दिसंल."

त्याच्यासमोर फोटो लहान करून दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून दाखवली. पडद्यावर गड तेवढाच दिसत होता. त्यानं डोळे बारीक करून दोन्हीकडं बघितलं, बुरूज मोजले आणि मगच परवानगी दिली. त्यानंतर सहा महिने तो मला जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या दुकानदारांकडे पाठवत राहिला. ओळख करून देताना सांगायचा, "ह्या बाई साइटीची नाडी बघत्यात."

पण ज्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो, ते उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, अण्णांचं.

अण्णा मूळ हातकणंगले तालुक्यातले, जैन शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी एका लेथ मशीनवर उद्यमनगरात कारखाना काढला. अण्णांच्या काळात तिथं पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग व्हायला लागले होते. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. मुलगी पद्मजा कॉमर्स शिकून कारखान्यात आली, वेबसाइट तिच्याच हट्टानं झाली. साइटवर ऑर्डर घ्यायची सोय होती. त्या साइटवरूनच पद्मजानं पुण्याची एक मोठी पंप कंपनी गिऱ्हाईक म्हणून मिळवली होती. तोवर अण्णांचा माल मिरज-सांगलीच्या पलीकडं फारसा जात नव्हता. पुण्याच्या भरवशावर कारखान्यात नवीन शेड उभी राहिली, नवीन माणसं लागली.

साइट केली होती आमच्या कांबळेनं. कांबळे शांत, कमी बोलणारा, कामात चोख. त्याचं काम कधी माझ्या खोलीत यायचं नाही. अण्णांनी त्याला एकच अट घातली होती, "माल शिल्लक किती हाय त्यो आकडा गोडाऊनच्या कंप्युटरमधनंच दिसला पायजे. हितं एक आन साइटीवर एक, आसलं चालायचं न्हाय." कांबळेनं तसं केलं. साइट मुंबईच्या एका मोठ्या सर्व्हरवर होती, पण शिल्लक मालाचा आकडा थेट उद्यमनगरातल्या गोडाऊनच्या कंप्युटरकडून यायचा. लोडशेडिंगचं काय, हेही त्यानं विचारलं होतं. पद्मजानं इन्व्हर्टर बसवून घेतला. वीज गेलेली असताना दोघांनी साइट उघडून बघितली, आकडा बरोबर आला. सगळे निश्चिंत झाले.

आणि मग पुण्याहून तक्रारी सुरू झाल्या.

पुण्याच्या कंपनीत खरेदी बघणारे जोगळेकर म्हणून गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, साइट उघडत नाही, ऑर्डर टाकता येत नाही. पद्मजाला फोन आला की ती कारखान्यात जाऊन बघायची, साइट चालू. आम्ही ऑफिसात बघायचो, चालू. मिरजेच्या दुकानदाराला विचारलं, चालू. पद्मजा जोगळेकरांना कळवायची, "सर, इथं उघडतेय." मग कधी त्यांच्याकडंही उघडायची, कधी तोवर ते दुसऱ्या कामाला लागलेले असायचे. हे असं बरेच आठवडे चाललं. आमच्या पुढच्या खोलीत विनोद सुरू झाले. पुण्याची माणसं चहात साखर कमी पडली तरी पत्र लिहितात, इथपर्यंत.

मी जोगळेकरांना स्वतः फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, कोल्हापुरात उघडते हे तुम्ही सगळे मला दर वेळी सांगता. पण मी कोल्हापुरात बसत नाही."

हे मला पटलं. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखणं एकाचं आणि तपासणी दुसऱ्याची. मी त्यांना टिपण काढायचं सॉफ्टवेअर पाठवते म्हटलं. त्यांच्या कंपनीच्या कंप्युटर विभागानं ते बसवायला मनाई केली.

मग एका शुक्रवारी पद्मजा आमच्या ऑफिसात आली. चेहरा उतरलेला. मागोमाग अण्णा.

"सोमवारी त्यांची बैठक आहे," पद्मजा म्हणाली. "पुढच्या वर्षी कुणाकडून माल घ्यायचा ते ठरणार. जोगळेकर सरांनी स्पष्ट सांगितलंय. ज्यांच्याकडं ऑर्डर टाकता येत नाही त्यांचं नाव ते पुढं करणार नाहीत."

अण्णा उभ्यानंच बोलत होते. "आन नाव गेलं की नवी शेड मी काय गवत वाळवायला वापरू? कुठं हाय त्यो कांबळे? त्यानं केलंय नव्हं हे? त्याला काढा आन दुसरा कोन शाना आसंल त्यो बसवा."

कांबळे दारातच उभा होता.

मी म्हटलं, "अण्णा, बसा. चूक कुठं आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. न बघता माणूस काढला तर चूक तशीच राहील आणि माणूस जाईल."

"मग बगणार कवा?"

"सोमवारी. पुण्यात. जोगळेकरांच्या टेबलावर बसून."

"सोमवारी तुमची सुटी असते," पद्मजा म्हणाली.

कोल्हापुरात सोमवारी बाजार बंद, उद्यमनगर बंद, आमचं ऑफिसही बंद. पुण्याच्या त्या कंपनीची सुटी गुरुवारी. मी म्हटलं, सुटी नंतर घेता येईल. हे बोलताना मला काहीही सुचलेलं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. मी सोमवारी निघाले ते बैठक सोमवारी होती म्हणून.

पहाटेच्या एसटीनं पद्मजा आणि मी पुण्याला गेलो. कराडला चहा घेतला, तेव्हा पद्मजा म्हणाली, "ताई, ही कंपनी गेली तर अण्णा साइट बंद करतील. परत फॅक्स आणि मुनीमजी. मग मला तिथं काम काय?"

जोगळेकर निघाले पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी आधी पाणी दिलं. माझा लॅपटॉप त्यांच्या भिंतीतल्या केबलला जोडायची परवानगी त्यांनी स्वतः जाऊन आणली. मग हाताची घडी घालून मागं उभे राहिले.

"आता तुमच्या लॅपटॉपवर उघडेल बघा," ते म्हणाले. "म्हणजे मी खोटा."

मी टिपण चालू केलं आणि साइटचा पत्ता टाकला.

पान पांढरं. नुसतं पांढरं.

पद्मजानं डोळे मिटून घेतले. मला मात्र मनापासून आनंद झाला. इतके आठवडे जो बिघाड ऐकत होते तो पहिल्यांदा समोर आला होता. डोळ्यांपुढं आलेला बिघाड निम्मा दुरुस्त झालेला असतो. न दिसणाऱ्या बिघाडाला इलाज नाही.

मी टिपणाची खालची खिडकी उघडली. पहिली ओळ सांगाड्याची. पट्टी बारीकशी, सांगाडा मुंबईहून झटक्यात आलेला. म्हणजे इंटरनेट ठीक, सर्व्हर ठीक. दुसरी ओळ. तिची पट्टी वाढत होती. आम्ही बघत होतो आणि ती सरपटत पुढं चालली होती. उत्तराच्या जागी काहीच नाही. नकारसुद्धा नाही. नकार आला तरी तो निरोप पोचल्याची खूण असते. इथं दार वाजवत होतो आणि आत कुणी नव्हतं. तिच्याखाली एकही ओळ नाही. सगळं पान या एका निरोपासाठी खोळंबलेलं.

"हा आमचा भटजी," मी म्हटलं.

"काय?" जोगळेकर म्हणाले.

मी त्यांना लग्नाचं उदाहरण सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून घेतलं.

ओळीवरचा पत्ता बघितला. सांगाड्याच्या ओळीवर साइटचं नाव होतं. या ओळीवर नाव नाही, नुसते आकडे. मी पद्मजाला विचारलं, "हा पत्ता कुणाचा?"

तिनं वाकून बघितलं. "हा तर आमच्या गोडाऊनचा. शिल्लक मालाचा."

"फोन लाव अण्णांना."

फोन माझ्याकडं आला. पलीकडं भांड्यांचा आवाज.

"अण्णा, कुठं आहात?"

"घरात हाय. जेवालोय. काय झालं? गेलं व्हय नाव?"

"अजून नाही. गोडाऊनचा कंप्युटर चालू आहे का?"

"सोमवारी?" अण्णांना माझ्या अकलेची कीव आली असावी. "सोमवारी कशाला चालू आसंल? काल सांजंला लाइटीचा मेन खाली वडलाय की. इन्व्हर्टर बी बंद. माज्या हातानं करतो मी, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाय."

मी फोनवर हात ठेवून पद्मजाकडं बघितलं. ती उभीच राहिली होती.

"ताई," ती म्हणाली, "सर फोन करतात तेव्हा मी कारखान्यात जाते. घरी कंप्युटर नाही ना. जाऊन आधी अण्णांच्या नकळत मेन वर करते, मग कंप्युटर लावते, मग साइट बघते."

"आणि साइट चालू असते."

"असणारच," पद्मजा म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

आता सगळं जुळलं. बिघाड बघायला जी जायची, तीच जाताना बिघाड दुरुस्त करायची, आणि येताना मेन खाली ओढून तो परत आणायची. आम्ही मंगळवारी बघायचो, तेव्हा कारखाना सुरू. मिरजेचा दुकानदार सोमवारी माल मागवायचाच नाही, कारण कोल्हापूरला सोमवार बंद हे त्याच्या रक्तात. जोगळेकरांचा मात्र खरेदीचा वार सोमवार. सबंध कोल्हापूर ज्या दिवशी झोपलेलं असतं, त्या दिवशी हा एकटा माणूस दार वाजवत होता. आणि आमच्यापैकी कुणीही त्याला वार विचारला नव्हता. सोमवार हा कामाचा दिवस असू शकतो, हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

मी फोनवरचा हात काढला. "अण्णा, जेवण झालं की गोडाऊनला जाऊन मेन वर करा."

"सोमवारी मेन वर? कशापायी?"

"बैठक तासाभरात आहे. आत्ताच जा."

घर कारखान्याला लागून होतं. चपला घातल्याचा आवाज आला, मग कुलूप, मग शटर. "हं. केला वर. आता?"

"कंप्युटर लावा."

"लावला. थांबा, त्यो उठालाय अजून."

आम्ही सगळे माझ्या लॅपटॉपभोवती. मी पान परत मागवलं. पहिली ओळ आली. दुसरी ओळ, पट्टी बारीक, आली. आणि मग एकामागून एक ओळी अशा कोसळल्या की वाचता येईनात. पान उघडलं. अण्णांच्या वडिलांचा फोटो, पंपांचे भाग, शिल्लक मालाचे आकडे, सगळं जागच्या जागी.

जोगळेकर मोठ्यानं म्हणाले, "उघडलं!"

"आता बघा," मी म्हटलं. मग फोनवर, "अण्णा, आता मेन खाली करा."

"आँ? आत्ता वर करा म्हनालासा!"

"हो. आता खाली."

"तुमी पुन्याला जाऊन काय खेळ मांडलाय ओ बाई?" पण केला खाली. मी पान मागवलं. पांढरं. पट्टी सरपटायला लागली. पुन्हा वर करायला लावला. उघडलं. तोवर त्या खोलीतली सगळी माणसं कामं टाकून आमच्याभोवती जमली होती. कुणीतरी म्हणालं, "जोगळेकर, मेन स्विच कोल्हापुरात आणि दिवा तुमच्या टेबलावर!" इतकं हसू मी कुठल्याही सरकारी किंवा खासगी ऑफिसात ऐकलेलं नाही.

हसू ओसरलं. मग अण्णांचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू. "म्हंजे बाई, इतके दिस साइट मीच बंद पाडत हुतो व्हय?"

"हो, अण्णा."

"आन बोलत हुतो कांबळेला."

"हो."

जोगळेकर माझ्याकडं वळले. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

त्यांनी त्या टिपणाची दोन चित्रं छापून घेतली, एक लांब पट्टीचं, एक बारीक पट्ट्यांचं, आणि बैठकीला घेऊन गेले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. पद्मजा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. जोगळेकर बाहेर आले ते हसतच. "नाव ठेवलंय. पण एका अटीवर. पुढच्या सोमवारी मी ऑर्डर टाकणार. ती मेन स्विचला न विचारता जायला हवी."

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या ऑफिसात आले. माझ्या खोलीत न येता पुढच्या खोलीत गेले, कांबळेच्या टेबलापुढं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कांबळे, चूक माजी हुती. तुजी न्हवं." तेवढंच. कांबळे उभा राहिला, त्यानं खुर्ची दिली. अण्णांनी सोबत आणलेले पेढे त्याच्याच टेबलावर ठेवले.

मग माझ्याकडं येऊन म्हणाले, "आता सोमवारी बी मेन चालूच ठिवतो. काय करता."

मला त्या नियमामागची गोष्ट पद्मजानं परतीच्या एसटीत सांगितली होती. अण्णांच्या वडिलांच्या वेळी सुटीच्या दिवशी तारा जळून कारखान्याला आग लागली होती. लाकडी साचे, पट्टे, छप्पर, सगळं गेलं. ओतकामाचे साचे पुन्हा करता करता म्हाताऱ्याचं वर्ष गेलं. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी मशिनींना हात लावून नमस्कार करायचा आणि घरातल्या कर्त्या माणसानं स्वतः मेन खाली ओढायचा, असा त्या घराचा रिवाज.

"मेन खालीच राहू दे, अण्णा," मी म्हटलं. "नियम तुमचा बरोबर आहे. त्याच्यापुढं साइटनं वाकायचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

कांबळेनं आणि मी तो आठवडा त्यातच घातला. उलट मांडणी केली. आता पान गोडाऊनला काही विचारणार नव्हतं. गोडाऊनचा कंप्युटर जागा असेल तेव्हा तोच शिल्लक मालाचा आकडा मुंबईच्या सर्व्हरला सांगून ठेवणार होता. तो झोपला तर शेवटचा सांगितलेला आकडा चालायचा. सुटीच्या दिवशी माल हलतच नाही, त्यामुळे आकडा खराच राहायचा. कांबळे म्हणाला, "मॅडम, हे आधीच असं करायला हवं होतं." मी म्हटलं, आधी कुणाला कळतं. दिवस घालवून, माणसं दुखावून मग शहाणपण येतं, आमच्या धंद्यात हेच एक खटकत राहतं. आता तर टिपण काढायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आयती बसवलेली असते, वेगळं काही जोडावं लागत नाही. तरीही "आमच्याकडं उघडतंय" हे वाक्य मी रोज ऐकते.

पुढचा सोमवार आला. मी ऑफिस उघडलं. राजारामपुरीत सगळी शटरं खाली, आमचं एकटंच वर. पद्मजा माझ्या शेजारी कंप्युटरपुढं. अण्णांना मी यायला सांगितलं होतं, ते आले नाहीत. ते गोडाऊनमध्ये जाऊन बसले होते, मेन स्विचसमोर स्टूल टाकून. चुकून कुणी वर केला तर खरं काय ते कळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शटर ओढलेलं, आत अंधार, हातात मोबाइल.

दुपारी पद्मजानं एकदम माझा दंड धरला. पडद्यावर पुण्याची ऑर्डर आली होती. पूर्ण. खाली जोगळेकरांचं नाव.

तिनं फोन लावला आणि सगळ्या खोलीला ऐकू येईल असा केला. "अण्णा, ऑर्डर आली!"

"कवा?"

"आत्ता."

"मेन तर खालीच हाय की! मी बगालोय न्हवं त्याच्याकडं!"

"खालीच असू दे. ऑर्डर आली."

पलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज आला. कांबळेही पुढच्या खोलीतून येऊन माझ्या दारात उभा राहिला होता. मी म्हटलं, "अण्णा, झालं काम. आता घरी जा, अंधारात किती वेळ बसणार?"

"तुमी जावा बाई घरी," अण्णा म्हणाले. "मी बसतो हितंच. बगू, आनखी एखादी येती का."